आत्याचे मोजे

आत्या भर उन्हाळ्यातसुद्धा पायांत मोजे घालायची. घरात यावरून जेवढी थट्टा झाली, तेवढी तिनं लग्न केलं नाही यावरूनही झाली नसेल. बेकरीतली माणसं भट्टीच्या धगीनं घामाघूम व्हायची, अनवाणी फिरायची, आणि ही बाई घोट्याच्या वरपर्यंत जाड मोजे चढवून भट्टीच्या तोंडाशी उभी. कुणी विचारलंच तर म्हणायची, "पायांतून वात शिरतो माझ्या." भट्टीपाशी वात कुठून शिरणार, हे विचारायची कुणाची छाती नव्हती. वाढदिवसाला तिला दरवर्षी मोजेच मिळायचे. कपाटाचा एक अख्खा खण त्यांनीच भरलेला होता, आणि आत्याची वहिनी म्हणायची, या घरात शंभर पाय असलेलं कुणी आलं तरी त्याची सोय होईल.

बेकरी जुनी होती आणि या घराचे हात तिच्याहून जुने होते. घरातल्या निम्म्याशिम्म्या पोरांच्या तळहातांची आणि तळपायांची कातडी शाळेत जायच्या वयात जाड व्हायला लागायची. पिवळसर, टणक, वापरून वापरून कडक झालेल्या चपलेसारखी. दुसऱ्या घरात आईबापांनी डोक्याला हात लावला असता, पण इथं पेढे वाटायचेच काय ते बाकी राहायचे. "घरचे हात आले पोराला!" असं म्हणत आजोबा सगळ्या गल्लीला दाखवून यायचे. कारण घरच्या हातांनी भट्टीतला तापलेला ट्रे नुसता उचलता यायचा. फडकं नको, काही नको. या बेकरीत हातमोजा नावाची वस्तू कधी शिरलीच नव्हती. हातमोजे घालून पाव काढणं म्हणजे अंघोळीला छत्री घेऊन जाणं, असं दादा म्हणायचा.

दादा म्हणजे आत्याचा थोरला भाऊ. पीठ मळणं, तिंबणं, आकार देणं हे त्याचं काम, भट्टी आत्याची. वडिलांनी जाताना तिच्या हाती दिली होती. घराचा नियमच तसा होता. भट्टी घरच्या हातांची. मऊ हातांच्या पोरांनी गल्ल्यावर बसावं, गाडी घेऊन पाव पोचवावेत, नाहीतर शिकून दुसरीकडे नोकरी धरावी. दादाची मुलगी अशीच मऊ हातांची निघाली. तिचं नाव काहीही असो, घरात सगळे तिला लोणी म्हणायचे. लोणी गल्ल्यावर बसायची आणि गिऱ्हाईक नसलं की मान वाकडी करून भट्टीकडे बघत राहायची. कितीतरी वेळा तिनं आत्याला विचारलं होतं, "मला शिकव ना गं." आत्याचं उत्तर ठरलेलं असायचं, "भट्टी मऊ हातांना जवळ करत नाही, बाळ."

या घराला हातांसारखंच आणखी एक देणं होतं, पण त्याचं कौतुक कुणी करत नसे. घास अडकण्याचं दुखणं. आजोबा त्यानं गेले, वडील गेले, एक काका गेले. पन्नाशी उलटली की आधी कडक पाव उतरेनासा व्हायचा, मग मऊ, मग पाणीसुद्धा. घरच्यांनी कारण शोधून ठेवलं होतं, भट्टीतून काढल्या काढल्या गरम पाव खायची खोड. म्हणून वडिलांनी गरम पाव सोडला, चहासुद्धा गार करून प्यायला लागले. गरम पाव सुटला, पण दुखण्यानं काही घर सोडलं नाही.

मागच्या वर्षी आत्याचा चुलतभाऊ याच दुखण्यानं गेला तेव्हा मोठ्या इस्पितळातल्या एका डॉक्टरीणबाईनं त्याचा हात हातात धरला होता. धीर द्यायला म्हणून धरला आणि धरून चकित झाली. अन्ननलिकेच्या कर्करोगावर ती संशोधन करत होती. महिन्याभरात ती थेट बेकरीच्या दारात उभी राहिली. बरोबर रक्ताच्या नळ्यांची पेटी होती.

"हात आणि दुखणं, दोन्ही एकाच उगमातून येत असावीत असं मला वाटतंय," ती म्हणाली. "रक्तातून वारशानं येणारा एखादा बदल. जगात अशी थोडी घराणी माहीत आहेत, पण सगळी दूरदूरच्या मुलखातली. आपल्या लोकांचं रक्त कुणी नीट तपासलंच नाही. त्यांच्यासाठी केलेली तपासणी मी तुमच्या भावाच्या रक्तावर करून बघितली. उत्तर आलं, काही नाही."

"मग झालं तर," दादा म्हणाला.

"झालं नाही, दादा. ती तपासणी एकाच जागी बघते. त्या लोकांच्यात जिथं बदल सापडला, फक्त तिथंच. तुमच्यात तो दुसऱ्या जागी असला तर तिला दिसणार कसा?"

वहिनी ट्रे पुसत होती. ती म्हणाली, "म्हणजे किल्ली नेहमीच्या खिळ्यावर नाही, तर घरात किल्लीच नाही असं म्हणण्यासारखं."

"अगदी तसंच," डॉक्टरीणबाई हसली. "मी सगळं घर शोधणार आहे."

तिनं सगळ्यांचे हात बघितले, तळपाय बघितले, रक्त घेतलं. मऊ हातवाल्यांचंही घेतलं, कारण तुलना करायला तेही लागतात. दादा एवढा रेड्यासारखा गडी, पण सुई बघून त्यानं डोळे मिटले आणि वहिनीचा पदर धरला. आत्यानं मात्र मुकाट्यानं दंड पुढे केला. तळहात दाखवले, टणक आणि भेगाळलेले. पायांवर आल्यावर ती म्हणाली, "पाय नाही दाखवणार. वात शिरतो." सगळे हसले. डॉक्टरीणबाईही हसली. हात बघितलेच होते, तेव्हा तिनं आग्रह केला नाही. तिथंच तिचं चुकलं.

त्या दिवसापासून घरातल्या प्रत्येकाला एकच धास्ती लागली, रक्तात काही सापडतंय की काय. आत्यालाही धास्ती लागली होती, पण तिची धास्ती उलटी होती. आपल्या रक्तात काही सापडणार नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

कारण आत्याचे हात घरचे नव्हते. ते तिनं केलेले होते.

लहानपणी ती वडिलांच्या पायात पायात असायची. भट्टीचं दार उघडलं की येणारी धग, फुगलेले पाव, वडिलांचं "सरक बाळ" म्हणणं, यापलीकडे तिला जगात काही नको होतं. दादाचे हात जाड झाले, चुलतभावाचे झाले, आणि ती रोज उठून स्वतःचे तळवे बघायची. ते आपले लोण्यासारखे. मग ती निवत आलेले ट्रे लपूनछपून उचलायला लागली. आधी कोमट, मग जरा गरम, मग आणखी गरम. मिठाच्या पाण्यात हात बुडवायची, अंगणातल्या दगडावर घासायची. फोड आले, फुटले, परत आले. आणि एक दिवस सगळ्यांदेखत तिनं भट्टीतला ट्रे उचलून टेबलावर नेऊन ठेवला. वडिलांनी तिला उचलून घेतलं. आईनं मात्र संध्याकाळी तिचे हात बघितले आणि तूप लावलं. आई दुसऱ्या घरातून आलेली, मऊ हातांचीच होती. हात करता येतात पण पायांचं काय करणार, हे तिच्याच ध्यानात आलं. तिनं पोरीसाठी मोजे विणले आणि वाताचं कारणही तिनंच शोधून दिलं. आई गेल्यावर हे गुपित आत्याकडे एकटीकडे राहिलं.

तुम्ही म्हणाल, एवढ्यासाठी एवढं? पण माणूस ज्या जागेवर उभा राहून मोठा होतो ती जागा जाईल म्हटलं की भले भले घाबरतात. आत्याला कर्करोगापेक्षा गल्ल्याची भीती जास्त होती.

काही महिन्यांनी डॉक्टरीणबाई परत आली, ती तोंड पाडून. आत्याला तिनं मैद्याच्या पोत्यांच्या खोलीत नेलं.

"एक घोटाळा झालाय, आत्या. मला बदल सापडला. घरचे हात असलेल्या प्रत्येकाच्या रक्तात, एकाच जागी. मऊ हातांच्या एकाकडेही नाही. सगळं चपखल बसतंय. फक्त तुम्ही बसत नाही. तुमच्या रक्तात तो नाहीच."

आत्या पोत्याची शिवण बोटानं उसवत राहिली.

"एक तर आमच्या प्रयोगशाळेत नळ्या बदलल्या, नाहीतर मी चुकीच्या चोराला धरलंय आणि खरा चोर मोकळाच आहे. आमचे साहेब म्हणतात, एवढ्याशा घराण्यात एक माणूस जरी जुळलं नाही तरी छातीठोक काही सांगता येत नाही. नळ्या सांभाळणाऱ्या मुलीला मी इतकं बोलले, रडली बिचारी. आज मी स्वतःच्या हातानं रक्त घेते."

आत्यानं दंड पुढे केला. सांगायला तोंड उघडलं, पण त्यातून निघालं एवढंच, "चहा घेणार का?"

जाता जाता डॉक्टरीणबाई दादापाशी थांबली. "माझं ठरेल तेव्हा ठरेल, तुम्ही थांबू नका. दुर्बीण घालून एकदा अन्ननलिका बघून घेऊया."

"आधी तुमचं नक्की होऊ दे," दादा पिठात हात घालून म्हणाला. "तुमचंच तुम्हाला ठाऊक नाही, आणि माझ्या घशात नळ्या घालता होय?"

डॉक्टरीणबाईनं पेटी उचलली. आत्याला ते नक्की करून देता आलं असतं, पण ती भट्टीकडे वळली.

त्यानंतर चारच दिवसांनी आत्याला चिमण्या दिसल्या. बेकरीच्या मागच्या खिडकीत नेहमी चार-दोन असायच्या, आता झुंबड. कठड्यावर पावाच्या कडा पडलेल्या होत्या. चांगल्या भाजलेल्या, खरपूस. तेवढ्यात दादा आला. त्यानं इकडे तिकडे बघितलं, पाव चहात बुडवला, आतला मऊ गर चमच्यानं काढून खाल्ला, मान खाली घालून कसाबसा गिळला आणि कडा चिमण्यांना टाकल्या. हा तोच दादा, जो कड चावून बघितल्याशिवाय कुठल्या पावाला बरं म्हणत नसे. वडीलही शेवटी शेवटी कडा बाजूला काढायचे.

आत्या दाराआडच उभी राहिली. भट्टीतला एक घाणा तिच्या हातून करपला, आणि तो तिच्या आयुष्यातला पहिलाच असावा.

दुपारी भट्टी झाकून सगळी मागच्या खोलीत जेवायला बसली. वहिनी वाढत होती, लोणी पाण्याचे पेले भरत होती. आत्या स्टुलावर बसली आणि तिनं आधी एका पायातला मोजा काढला, मग दुसऱ्या.

"दादा, इकडे बघ."

मोज्यातून निघालेले पाय तान्ह्या बाळाचे असावेत तसे होते. गोरे, मऊ, मोज्याच्या विणीचे वळ उठलेले. वहिनीच्या हातातला डाव तसाच राहिला.

"हे कुणाचे पाय?" दादानं विचारलं.

"माझेच. शेजाऱ्यांचे मागून आणू का?"

"आणि हात?"

"हात केलेले आहेत," आत्या म्हणाली, आणि मग तिनं ट्रे, मीठ, दगड, आईचे मोजे, न जुळलेलं रक्त, नळ्या सांभाळणाऱ्या मुलीचं रडणं, सगळं सांगून टाकलं. इतकी वर्षं सांभाळलेली गोष्ट सांगायला आमटी निवण्याइतकाही वेळ लागला नाही, याचंच तिला नवल वाटलं.

दादा उठला. आता हा ताट भिरकावणार असं सगळ्यांना वाटलं, कारण घराच्या नियमापुढे तो बायकोचंही ऐकत नसे. तो आत्यापाशी आला, तिचा हात उलटा करून त्यानं अंगठ्यानं दाबून बघितला. बराच वेळ दाबत राहिला.

"म्हणजे तुला भाजायचं?"

"भाजायचं."

"रोज?"

"पहिली काही वर्षं रोज. मग सवय झाली. अजूनही कधीमधी भाजतं."

"आणि मी ओरडायचो, उचल लवकर, बघत काय बसलीस..." एवढा मोठा माणूस बहिणीचा हात धरून ढसाढसा रडला.

आत्याचेही डोळे भरले, पण तिनं आवाज चढवला. "रडतोस काय! रडायचं असेल तर नंतर रड. त्या बाईचं उत्तर बरोबर आहे. माझ्यामुळे अडलं होतं तिचं. तो बदल तुझ्या रक्तात आहे आणि माझ्या नाही. झालं आता नक्की? मग चिमण्यांना पाव घालणं बंद कर आणि इस्पितळात चल."

"कसल्या चिमण्या?" वहिनीनं विचारलं. दादानं मान खाली घातली आणि वहिनीला सगळं कळलं.

लोणी मात्र भिंतीशी उभी होती, चेहरा लालबुंद. "आणि मी?" ती म्हणाली. "मला म्हणायचीस, भट्टी मऊ हातांना जवळ करत नाही. तू म्हणायचीस!"

"खोटं बोलत होते," आत्या म्हणाली. "तू शिकली असतीस, तुझे हात भाजले असते, आणि मग कुणीतरी माझेही नीट निरखले असते. मी घाबरले, बाळ. तुझ्यावर अन्याय केला."

लोणीनं पेला दाणकन ठेवला आणि ती गल्ल्यावर जाऊन बसली. पण बसल्या बसल्या तिनंच डॉक्टरीणबाईला फोन लावला. "तुमच्या नळ्या बरोबर होत्या," ती म्हणाली. "आमची आत्याच बदललेली होती. आणि त्या रडलेल्या मुलीला आधी सांगा." त्यानंतर आठवडाभर ती आत्याशी कामापुरतं बोलली, आणि आत्यानं ते निमूट सोसलं.

इस्पितळात दुर्बीण घालायच्या आधी दादानं एका हातानं वहिनीचा पदर धरला आणि दुसऱ्या हातानं आत्याचा. घास अडवणारं आवाळू डॉक्टरांना आत दिसलं नाही, ते अजून झालेलंच नव्हतं. सुजेनं नळी आवळलेली, आणि तिच्यात वरच्या थरातच बसलेला कर्करोगाचा एक लहानसा डाग. तो दुर्बिणीतूनच खरवडून काढता आला, छाती उघडावी लागली नाही. "आणखी वर्षभर थांबला असता," डॉक्टरीणबाई म्हणाली, "तर मला आज हसता आलं नसतं." घरचे हात असलेल्या सगळ्यांनी आता दरवर्षी दुर्बीण घालून घ्यायची, पोरांचं थेंबभर रक्तावरून सांगता येणार, आणि मऊ हातवाल्यांनी स्वस्थ झोपायचं, असं ठरलं. अशा बदलाची आपल्या लोकांतली ही तिला सापडलेली पहिलीच नोंद होती, म्हणून ती सांगताना लहान पोरीसारखी हरखली होती.

दादाला यातलं किती कळलं कोण जाणे. त्यानं एकच विचारलं, "कड खाता येईल का?"

"जखम भरली की खुशाल खा."

ती भरेपर्यंत वहिनीनं त्याला पातळ पेज पाजली आणि त्यानं घर डोक्यावर घेतलं. भट्टीचं काय करायचं, हे मात्र कुणीच बोलत नव्हतं. आत्या रोजच्यासारखी उभी राहायची, सवयीनं मोजेही चढवायची, पण आता ट्रे उचलताना तिला कुणाकडे बघवत नसे. थोरल्यानं एकदा काय ते सांगून टाकावं, म्हणजे गल्ल्यावर तर गल्ल्यावर, असं तिनं मनाशी ठरवून टाकलं होतं.

डॉक्टरांनी कडेला परवानगी दिली त्या सकाळी दादा बेकरीत आला. हातात एक पुडकं होतं. त्यातून त्यानं कोपरापर्यंत येतील असे जाडजूड हातमोजे काढले.

"ते पायातले काढ," तो आत्याला म्हणाला, "आणि हे हातात घाल."

"या भट्टीपाशी? हातमोजे? बाबा काय म्हणाले असते?"

"बाबांना भाजत नव्हतं. तुला भाजतं." दादानं पुडक्यातून दुसरा जोड काढला आणि गल्ल्याकडे बघून हाक मारली, "लोणी! हे तुझे. शिकायचं असेल तर ये. आत्या नाही म्हणाली तर मला सांग."

"मी कशाला नाही म्हणू," आत्या म्हणाली. लोणी आली. हातमोजे चढवून आत्याशेजारी उभी राहिली, आणि खूप दिवसांनी तिच्याकडे बघून हसली. आत्यानं एका बाजूला सरून तिला जागा केली आणि भट्टीचं दार उघडलं.

लोणीनं काढलेला पहिला ट्रे जरा कलला आणि दोन पाव खाली गेले. दादानं त्यातलाच एक उचलला, फुंकर मारली, चांगला निवू दिला आणि कड मोडून तोंडात टाकली. तो चावत होता तोवर सगळी बेकरी त्याच्या गळ्याकडे बघत होती. घास उतरला. तसा त्यानं दुसरा मोडला, आणि "जरा जास्त भाजलाय" असं म्हणाला, म्हणजे गडी बरा झाला.

आत्यानं तेवढ्यात मोजे काढून स्टुलावर ठेवले होते. कळत्या वयात ती भट्टीसमोर पहिल्यांदाच अनवाणी उभी राहिली. उभी राहिली आणि हललीच नाही.

"काय गं, टोचलं काही?" दादानं विचारलं.

"नाही रे. ही फरशी... किती छान गरम आहे. ही अशी गरम असते, हे इतक्या वर्षांत मला कुणी सांगितलंच नाही."

दादानं स्वतःच्या अनवाण्या, जाड पायांकडे बघितलं.

"आम्हाला तरी कुठं कळत होतं," तो म्हणाला.